सेवा करणाऱ्यांच्या मनाचे काय?

(मुर्री येथील विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'आरोग्य आणि आपण' असा विषय दिला होता. आरोग्य खात्यात तीसेक वर्षे घालवून आम्ही निवृत्त झालो, तेव्हा आमच्याकडून लोकांची अपेक्षा ठरलेली असते. बी.पी., शुगर, सिकलसेल, आणि शेवटी खर्रा सोडा. खर्रा सोडा म्हटले की टाळ्या पडतात आणि मंडपाबाहेर गेल्यावर पहिली पुडी टाळ्या वाजवणाराच उघडतो. हसू नका, समोरच्या रांगेतही दोघे-तिघे आहेत!

असो. तो विषय आज बाजूला ठेवतो. अध्यक्षांची परवानगी घेतली आहे. आज आम्हाला रोग्यांबद्दल बोलायचे नाही, रोग्यांची सेवा करणाऱ्यांबद्दल बोलायचे आहे. म्हणजे नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, आशाताई, आणि हो, डॉक्टरसुद्धा. कोरोनाच्या काळात या लोकांच्या मनावर जे ओझे पडले ते अजून उतरलेले नाही, आणि आपण ते उतरवायला हात लावला नाही. उलट काही ठिकाणी आपणच त्यात भर घातली. हे 'आपणच' आम्ही मुद्दाम म्हणतो. कारण पुढे सांगू.

हा विषय का सुचला? काही महिन्यांपूर्वी एका लग्नात एक आशाताई भेटली. जुनी ओळख, आमच्या नोकरीच्या काळातली. गाव कोणते ते सांगत नाही. जेवणाच्या पंगतीच्या बाजूला नेऊन हळूच म्हणाली, "भाऊ, मले रात्री झोप नाही येत जी. फोन वाजला का छातीत धस्स होते. आताही." आम्ही विचारले, घरी सांगितले का? म्हणाली, "कोनाले सांगू? नवऱ्याले सांगतलं त म्हणते, कोरोना जाऊन इतके वर्ष झाले, तुले आता का झालं?"

आम्ही घरी आलो, पण ते 'तुले आता का झालं' काही डोक्यातून जाईना. कारण आम्हीही तेच म्हणालो असतो. फक्त जरा शुद्ध भाषेत.

आता थोडे मागे जाऊ. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची महासाथ जाहीर केली. २२ मार्चला, रविवारी संध्याकाळी ५ वाजता, देशभर लोकांनी थाळ्या वाजवल्या. आपल्याकडेही वाजल्या. कोणी टीनाचा पत्रा बडवला, कोणी शंख फुंकला. आरोग्य कर्मचाऱ्यांचे आभार मानायचे होते. २५ मार्चपासून देश बंद झाला. आणि मग काय झाले ते आम्ही आमच्याच गल्लीतले सांगतो.

आमच्या गल्लीत एक नर्सबाई भाड्याने खोली करून राहत होती. दुसऱ्या जिल्ह्यातली, एकटी. थाळ्या वाजवून महिनाही झाला नसेल. गल्लीतली चार जाणती माणसे घरमालकाकडे गेली. त्या चारांत आम्ही होतो. भाषा मोठी गोड होती. "बाई, तुमच्याच भल्याचं सांगतो, काही दिवस दवाखान्यातच सोय करून घ्या. इथं म्हातारे आहेत, लहान लेकरं आहेत." बाईने वाद केला नाही. तिने एवढेच विचारले, "काका, सामान बांधेपर्यंत बोरिंगवरून दोन बकेटा पाणी भरू का?" तेवढीही परवानगी तिला विचारावी लागली. संध्याकाळी ती गेली.

आम्ही आरोग्य खात्यातले माणूस. रोग कसा पसरतो हे लोकांना शिकवण्याचा पगार आयुष्यभर घेतलेले. आणि पाण्यावरून माणूस दूर करणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकात वाचावे लागत नाही, आपल्या आज्यांनी ते भोगले आहे. तरीही आम्ही गेलो. भीती अशी असते. भीतीला शिक्षण समजत नाही आणि इतिहासही समजत नाही.

हे एकट्या आमच्या गल्लीचे नव्हते, बरं का. एप्रिल २०२० मध्ये चेन्नईत कोरोनाने मरण पावलेल्या एका डॉक्टरच्या दफनाला जमावाने विरोध केला, दगडफेक केली. सोबतच्यांना जीव वाचवून पळावे लागले आणि त्याच्या एका सहकारी डॉक्टरने रात्री मोजक्या लोकांसह तो देह पुरला. देशात ठिकठिकाणी असे प्रकार झाले म्हणून २२ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारला अध्यादेश काढावा लागला. साथरोगाचा कायदा आपल्याकडे १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. त्या कायद्यात साहेबाला घर उघडायचा, माणसे तपासायचा अधिकार होता. पण सेवा करणाऱ्यावर कोणी हात उचलला तर काय, याचे कलम त्यात १२३ वर्षे नव्हते. ते २०२० मध्ये आले. मारहाण केली तर ३ महिने ते ५ वर्षे, गंभीर इजा केली तर ६ महिने ते ७ वर्षे शिक्षा. चांगले झाले. पण कायदा दगड अडवतो. बोरिंगवरचे मौन कोणता कायदा अडवेल?

१८९७ म्हटले की आपल्याला सावित्रीमाई आठवतात. पुण्यात प्लेग आला तेव्हा त्यांनी डॉक्टर मुलगा यशवंत याच्यासोबत हडपसरच्या बाजूला गावाबाहेर दवाखाना चालवला, मुंढव्याच्या महारवाड्यातून आजारी पोर पाठीवर घेऊन आल्या, आणि त्याच प्लेगने १० मार्च १८९७ ला गेल्या. हे आपण दर वर्षी सांगतो. फोटोला हार घालतो. पण ज्या यशवंताच्या दवाखान्यात आई रोगी आणत होती, त्याच दवाखान्याच्या रोगाने आई गेली, त्या यशवंताच्या मनाचे आपण कधी बोललो का? आम्हीही बोललो नव्हतो. जो सेवा करता करता मरतो त्याचा फोटो लागतो. जो सेवा करून जिवंत राहतो, त्याला आपण दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर धाडतो.

आता आम्ही जे डोळ्यांनी पाहिले ते सांगतो. दुसऱ्या लाटेत, म्हणजे एप्रिल-मे २०२१ मध्ये माणसे कमी पडली तेव्हा आमच्यासारखे निवृत्त लोकही कामाला गेले. आम्हीही एका कोविड सेंटरवर होतो. आम्ही काही मोठे काम केले नाही. नोंदी, फोन, नातेवाईकांना सांगणे-समजावणे, एवढेच. पण काचेपलीकडचे सगळे दिसत होते.

आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. धानाच्या बांध्या भेगाळलेल्या असतात, दुपारी कुत्रेसुद्धा नळाच्या ओलीवर जाऊन निजते. अशा दिवसांत डोक्यापासून पायापर्यंत तो प्लास्टिकचा पोशाख, पीपीई किट, घालून पोरी सहा-सहा तास आत राहत. एकदा घातले की पाणी नाही, लघवी नाही. बायकांच्या पाळीच्या दिवसांचे तर कोणी विचारूच नये. बाहेर आल्या की हातमोज्यांतून घाम ओतल्यासारखा पडे आणि बोटे पाण्यात भिजलेल्या चिंध्यांसारखी पांढरी दिसत. चेहऱ्यावर मास्कच्या दोऱ्यांचे वळ. आणि तोंड उघडे दिसत नसल्यामुळे रोग्याला कळतच नसे की आपल्याजवळ कोण उभे आहे. मग त्या छातीवर पेनाने आपले नाव लिहीत.

शरीराचे हे कष्ट मोठेच. पण त्याने माणूस थकतो, मोडत नाही. मोडतो तो दुसऱ्या गोष्टीने. एक प्रसंग सांगतो. एका खाटेवर पन्नाशीचा माणूस होता, त्याची मुलगी बाहेरून व्हिडिओ कॉल करायची. नर्स फोन धरून उभी राहायची, कारण त्याला हात उचलता येत नव्हता. शेवटच्या दिवशी मुलगी फोनवर म्हणाली, "ताई, बाबांच्या डोक्यावरून हात फिरवा ना." तिने फिरवला. प्लास्टिकचा हात. थोड्या वेळाने तो गेला. नर्सने नोंद केली, वेळ लिहिली, आणि लगेच पुढच्या खाटेकडे गेली, कारण तिथे प्राणवायूची पातळी खाली येत होती. रडायला तिला जागा नव्हती आणि वेळही नव्हता. ते रडणे गेले कुठे? ते कुठेही गेले नाही, आतच राहिले.

आणि प्राणवायूचे ते दिवस. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सिलिंडरसाठी धावाधाव चालली होती. विशाखापट्टणमहून टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन रेल्वे २३ एप्रिलला नागपूरला आली तेव्हा लोकांनी पाऊस आल्यासारखा सुस्कारा टाकला. पण त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कितीतरी रात्री अशा होत्या की खाट एक आणि दारात रोगी दोन. कोणाला आत घ्यायचे? हा प्रश्न कोणत्याही नर्सिंगच्या पुस्तकात नाही. जो आत आला त्याचा हिशेब कागदावर राहिला. जो परत गेला त्याचा हिशेब त्या दारावरच्या माणसाच्या मनात राहिला.

मानसशास्त्रवाले याला 'नैतिक जखम' म्हणतात. आपल्याला जे बरोबर वाटते ते करता आले नाही, आणि डोळ्यांसमोर माणूस गेला, त्याची ही जखम. यात चूक त्या माणसाची नसते. चूक कमी पडलेल्या खाटांची, कमी पडलेल्या माणसांची, कित्येक वर्षे दवाखान्यांवर न केलेल्या खर्चाची असते. पण रात्री दोन वाजता मन सरकारला दोष देत नाही, स्वतःला देते. 'मी अजून दहा मिनिटे आधी पाहिले असते तर.'

हे आमचे एकट्याचे निरीक्षण नाही. साथीच्या अगदी सुरुवातीला, २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत, चीनमधल्या ३४ दवाखान्यांतल्या १२५७ डॉक्टर-नर्सांना तिथल्या संशोधकांनी विचारले होते. शंभरात पन्नास जणांत उदासीनतेची लक्षणे, सुमारे पंचेचाळीस जणांत चिंता, चौतीस जणांना झोप नाही, आणि सत्तरांहून अधिक जण कोणत्या ना कोणत्या मानसिक त्रासात. नर्सांना, बायकांना, आणि रोग्याच्या प्रत्यक्ष जवळ काम करणाऱ्यांना जास्त. आणि हे पहिल्याच महिन्यांतले. आपल्याकडे तर त्यानंतर लाटा जायच्या होत्या.

जगात किती सेवक गेले? जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोरोनाने मेले असावेत. आपल्या सरकारने मार्च २०२० मध्येच कोरोना ड्यूटीवर मरण आले तर ५० लाखांचा विमा जाहीर केला. त्यात आशा आणि सफाई कामगारही धरले होते. ते योग्यच. पण तो विमा मेल्यावर. जो मेला नाही, ज्याची फक्त झोप मेली, त्याच्यासाठी कोणत्या कागदावर रकाना होता?

आता आशाताईंचे सांगतो, कारण आमच्या मते सगळ्यांत अवघड जागा त्यांची. नर्स ड्यूटी संपली की वॉर्डातून बाहेर येते. आशाचा वॉर्ड म्हणजे तिचे गावच. ती बाहेर येणार कुठे? मुंबई-पुणे-हैदराबादहून माणसे परत आली, देवरीच्या सीमेवरून छत्तीसगडकडे मजुरांचे तांडे पायी गेले, तेव्हा गावागावांत 'बाहेरून कोण आले' याची यादी करायचे काम आशाकडे. म्हणजे शेजाऱ्याच्या पोराचे नाव तिनेच द्यायचे. त्या पोराला १४ दिवस शाळेत ठेवले की त्याची माय हिच्याशी बोलणे बंद करणार. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली, तेव्हा घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायू मोजायचा. लोक दार लावून घेत. "कायले येता जी घरी? तुमच्याच पायानं येते तो कोरोना." पुढे लस आली. १६ जानेवारी २०२१ ला पहिली लस आरोग्य कर्मचाऱ्यांनीच घेतली, तरी गावात अफवा की सुई घेतली की माणूस मरतो. ते समजावायलाही आशाच. आणि समजावून ज्याला सुई दिली त्याला दुसऱ्या दिवशी साधा ताप आला तरी सगळे घर हिच्या दारात.

या सगळ्याचे केंद्राकडून महिन्याला १००० रुपये. दिवसाला तेहतीस रुपये. आपल्या इथे तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईलाही हे सांगितले तर ती हसेल. म्हणून १५ जून २०२१ पासून महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. आठवडाभराने, २३ जूनला, तडजोड झाली. १००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता. तेव्हा आमच्या ओळखीचे काही लोक म्हणाले, "साथीच्या काळात संप करतात, लाज नाही." आम्ही त्यांना विचारले, तुम्ही घरात बसून पूर्ण पगार घेतला की नाही? पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. पेपरात फोटो आला. जिच्या छातीत फोन वाजल्यावर धस्स होते, ती ताई म्हणाली, "भाऊ, पुरस्कार जिनेवाले भेटला म्हनते. आमच्या गावात नाही आला."

आणखी एक बाजू आपल्याच लोकांची. दवाखान्यात सर्वांत खालचे काम कोणाकडे असते हे या मंडपात सांगायची गरज नाही. मृतदेह पिशवीत घालणे, पिशवीची चेन लावणे, गाडीत ठेवणे, आणि घरचे लांब उभे असताना स्मशानात नेऊन अग्नी देणे. ही कामे ज्यांनी केली त्यांत आपल्या वस्त्यांमधले कंत्राटी पोरं किती होते! डॉक्टरांना निदान कोणीतरी 'योद्धा' म्हटले. या पोरांना कोणी काय म्हटले? त्यातला एक वॉर्डबॉय आम्हाला सांगत होता की त्या दिवसांत तो रोज रात्री मोहाची घेतल्याशिवाय झोपू शकत नव्हता. साथ गेली, मोहाची राहिली. घरचे म्हणतात पोरगा बिघडला. पोरगा बिघडला नाही, पोरगा जखमी आहे.

आता बुद्ध विहारात उभे राहून भगवंताची एक गोष्ट सांगितल्याशिवाय कसे चालेल? विनयपिटकाच्या महावग्गात ती आहे आणि बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही घेतली आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला. भगवंतांनी पाहिले, आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः पाणी घातले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला विचारले, याच्याकडे कोणी का पाहत नाही? आणि सांगितले की ज्याला माझी सेवा करायची इच्छा असेल त्याने रोग्याची सेवा करावी. इथपर्यंत आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

पण त्याच महावग्गात त्याच्या पुढेच जे आहे ते आपण सांगत नाही. भगवंतांनी तिथे हेही सांगितले की कोणता रोगी सांभाळायला अवघड. त्यात एक लक्षण असे की जो आपला आजार जसा आहे तसा सांगत नाही. आणि त्याच्या नंतरचा नियम पाहा. भिक्खू मेल्यावर त्याचे पात्र-चीवर संघाचे. पण रोग्याची सेवा करणारे फार उपकारक असतात, म्हणून संघाने ते पात्र आणि ती तीन चीवरे सेवा करणाऱ्यांना द्यावीत. आणि सेवा करणाऱ्यांत एखादा लहान श्रामणेर असेल तर? त्यालाही समान वाटा. मोठ्या भिक्खूइतकाच. अडीच हजार वर्षांपूर्वी सेवेच्या बाबतीत डॉक्टर आणि वॉर्डबॉय असा भेद काढून टाकला होता. आम्ही हा नियम पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा दिवसाचे तेहतीस रुपये आठवले.

म्हणजे सेवा हे पुण्य आहे, ते करून गप्प बसा, असे भगवंतांनी म्हटले नाही. सेवा करणाऱ्याचा वाटा काढून ठेवा, असे म्हटले. आता तो वाटा म्हणजे नुसते पैसे नाही. पगाराचे भांडण संघटना करतील आणि केलेच पाहिजे. पण विचारपूस हाही वाटा आहे, आणि तो देणे आपल्या हातात आहे.

आणि ते अवघड रोग्याचे लक्षण आठवते ना, आजार न सांगणारा? आज ते लक्षण कोणाला लागू आहे? सेवा करणाऱ्यांनाच. नर्स सांगत नाही, कारण लोक म्हणतील हिलाच वेड लागले, ही काय सेवा करेल. आशा सांगत नाही, कारण काम जाईल. डॉक्टर तर मुळीच सांगत नाही. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कमधल्या डॉ. लोर्ना ब्रीन या तातडीच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टर. कोरोनाचे रोगी पाहता पाहता स्वतः खचल्या आणि त्यांनी जीवन संपवले. मानसिक उपचार घेतले हे कळले तर आपली डॉक्टरकी जाईल अशी त्यांना भीती होती, असे त्यांच्या घरच्यांनी सांगितले. त्यांच्या नावाने अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये कायदा झाला, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी. एवढ्या मोठ्या देशातली एवढी शिकलेली बाई बोलू शकली नाही, तर आपल्या गावची आशा कशी बोलेल?

तेव्हा विचारायचे आपण. पण कसे विचारायचे, याचीही रीत आहे. 'सांग ना काय काय पाहिले, किती मेले' असे खोदून काढू नका. बळेच सगळे ओकायला लावल्याने फायदा होत नाही, कधी उलट त्रास होतो, असे आता तज्ज्ञ सांगतात. जवळ बसा. चहा द्या. झोप लागते का, जेवण जाते का, एवढे विचारा. ती बोलली तर ऐका, गप्प बसली तर गप्प बसा. 'सर्वांनाच झाले ते', 'आता विसर', 'मन घट्ट कर' ही तीन वाक्ये आपल्या तोंडातून काढून टाका. आम्हालाही ती काढायला बराच वेळ लागला.

आणि कधी डॉक्टरकडे न्यायचे? झोप उडालेली आठवड्यांमागून आठवडे तशीच आहे, तेच दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येते, लहान आवाजानेही दचकतो, आवडत्या कामात मन नाही, चिडचिड वाढली, दारू वाढली, किंवा 'मी नसलो तर बरे' असे शब्द येतात, तर वाट पाहू नका. शेवटचे शब्द ऐकले तर त्या माणसाला एकटे सोडू नका. गोंदियाला मेडिकल कॉलेज २०१६ पासून आहे, मनाच्या आजाराचे डॉक्टर तिथे असतात, नागपूरच गाठले पाहिजे असे नाही. आणि १४४१६ हा सरकारी फोन नंबर आहे, 'टेलि-मानस' त्याचे नाव. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवस-रात्र, फुकट, मराठीत बोलता येते. लिहून घ्या, १४४१६.

एक गोष्ट आपल्या लोकांना स्पष्ट सांगतो, भन्तेजींची क्षमा मागून. कोणी असा त्रास सांगितला की आपण लगेच म्हणतो, दहा दिवसांच्या शिबिराला जा, विपश्यना कर, सगळे ठीक होईल. आनापान चांगलेच आहे, आम्हीही करतो. पण ज्याचे मन ताजे फाटलेले आहे त्याला दहा दिवस मौनात बसवणे हा उपचार नव्हे. शिबिरवालेसुद्धा फॉर्मवर मानसिक आजाराबद्दल आधी विचारतात, ते उगीच नाही. पाय मोडला तर आधी प्लास्टर, मग चालणे. भन्तेजी मान हलवत आहेत, तेव्हा आम्ही सुटलो.

त्या आशाताईचे काय झाले, विचाराल. आम्ही आणि आमच्या घरच्या, दोघे तिच्यासोबत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी अर्धा तास ऐकले, गोळ्या दिल्या, महिन्याने बोलावले. ती आता बरी झोपते, रोज नाही, पण झोपते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्याच डोक्याने तिने एक काम केले, फोनची रिंग बदलली. जुनी रिंग कोणाच्या फोनवर वाजली तर अजूनही उठून बाहेर जाते. नवरा पहिल्यांदा सोबत आला नव्हता, दुसऱ्यांदा आला.

आणि ती नर्सबाई. गेल्या वर्षी आमची बी.पी. वाढली म्हणून एका दवाखान्यात गेलो, तर पट्टा बांधायला तीच. आम्ही ओळखले. तिनेही ओळखले. म्हणाली, "काका, तब्येत कशी आहे? काकू बऱ्या आहेत?" आम्ही 'बरे आहे' म्हणालो. जे बोलायचे होते ते तोंडातून निघाले नाही. रीडिंग जास्त आले, म्हणून तिने पाच मिनिटे बसवून पुन्हा घेतले, आणि आम्ही त्या पाच मिनिटांतही बोललो नाही. म्हणून आज इथे, माईकवर, तुमच्या सर्वांच्या समोर सांगितले. तिच्यापर्यंत जाऊन सांगायचे अजून राहिलेच आहे. ते या आठवड्यात करणार आहोत. अध्यक्षांनी सोबत येतो म्हटले आहे. त्या दिवशी घरमालकाकडे गेलेल्या चारांत तेही होते, हे त्यांच्याच परवानगीने सांगतो.

समितीने एक काम अंगावर घेतले आहे. मुर्री आणि बाजूच्या वस्त्यांमधून कोरोनाच्या काळात ज्यांनी दवाखान्यात, ॲम्ब्युलन्सवर, स्मशानात, गावात सेवा केली त्यांची नावे लिहायची. सत्काराची शाल देण्यासाठी नाही, शाली पुष्कळ झाल्या. दर महिन्याच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर त्यांच्यापैकी दोघा-तिघांच्या घरी जाऊन बसायचे, एवढ्यासाठी. आतापर्यंत नऊ नावे झाली आहेत. तेवढीच असतील असे आम्हाला वाटत नाही. वही दारापाशी महिला मंडळाच्या टेबलावर ठेवली आहे. भोजनदानाला जाताना तुमच्या घरचे, शेजारचे, कोणी सुटले असेल तर लिहा. कंत्राटी असेल तरी लिहा, काम सोडून गेला असेल तरी लिहा. दारू पितो म्हणून ज्याचे नाव घ्यायला लाजता, त्याचे आधी लिहा.

जय भीम.